टाच किती रुतते

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरात शिरताना चप्पल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवतात. मला वाटायचं, जमिनीला मान द्यायची त्यांची ही रीत असेल. तशी ती आहेही. पण पेरणीआधी अनवाणी चालण्याला दुसरंही एक कारण आहे, हे कळायला मला एक हंगाम गमवावा लागला.

आमचं वावर राळेगाव तालुक्यात आहे. साडेसहा एकर, सगळं कोरडवाहू. नाल्याकाठचे चार एकर भारी काळे आणि टेकडीकडचे अडीच एकर बरड, म्हणजे हलके, मुरमाड. हे यवतमाळला कामाला असतात. मामाजींचे गुडघे गेले तेव्हापासून वावराचं मीच पाहते. निंदण, खुरपण, वेचणी ही कामं मला लहानपणापासून येत होती. वाही, म्हणजे जमिनीची मशागत, मात्र कधी केली नव्हती. नांगर, वखर, तिफण ही बाप्यांची कामं समजली जायची आणि बायांनी मागून चालायचं, असाच रिवाज होता. त्यामुळे कपाशीचं बी कुठं आणि किती खोल टाकायचं हे मला ठाऊक होतं. ते ज्या जागेवर पडतं ती जागा कशी तयार होते, हे ठाऊक नव्हतं.

२०२३ च्या मे महिन्यात मी ट्रॅक्टर सांगितला आणि चारही एकरांवर दोनदा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं औजार, मारून घेतला. त्या साली अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आलं, मान्सून लांबला, आणि जूनचा तिसरा आठवडा संपत आला तरी आमच्याकडे जमीन ओली झाली नव्हती. तण उगवलेलं दिसलं म्हणून मी तिसऱ्यांदा रोटाव्हेटर फिरवला. वावर असं दिसत होतं की ढेकूळ शोधूनही सापडू नये. रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. मामाजी बंडीतून आले, धुऱ्यावर उतरले, चार पावलं आत गेले. पाय घोट्यापर्यंत बुडाला. ते एवढंच म्हणाले, "पोरी, एवढं पीठ दळून भाकरी थापाच्या हायेत का?" मला ते बोलणं लागलं. पण बाकी सगळ्यांची वावरंही तशीच होती, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

महिना संपता संपता पाऊस आला. घाई तर सगळ्यांनाच होती. दोन दिवसांत सरकी, म्हणजे कपाशीचं बी, टोबून घेतली, हाताने मातीत खोचून. त्यानंतर तिसऱ्या दिवशी अर्धा तास झोडपून पाऊस पडला आणि पुढे चार दिवस कडक ऊन. त्या पिठाचा वरचा थर पावसाने चोपला गेला आणि उन्हाने वाळला. सातव्या दिवशी सकाळी गेले तर सगळ्या वावरावर पापडासारखी खपली. काही ठिकाणी ती तडकून वर उचलली होती आणि खाली पिवळा, वाकडा कोंब अडकला होता. काहींच्या माना मोडल्या होत्या.

ज्वारीचा कोंब सुईसारखा असतो, तो भेगेतूनही वाट काढतो. कपाशीचं तसं नाही. तिचं मूळ आधी खाली जातं, मग दांडा मान खाली घालून, पाठीने माती ढकलत वर येतो आणि दोन पानांचा पसारा मागून ओढत आणतो. एवढं ओझं घेऊन येणाऱ्या कोंबाला वरची माती भुसभुशीत लागते. ती जर खपली झाली तर तो तिथेच दम तोडतो. बायांना घेऊन दाताळ्याने हलक्या हाताने खपली फोडली, काही कोंब वाचले. मग मी एका ओळीत शंभर जागा मोजल्या. त्यातल्या सत्तावन्न जागी झाड होतं.

रिकाम्या जागा उकरून पाहिल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सगळंच बी खपलीखाली मेलं नव्हतं. काही बी जसंच्या तसं होतं, औषधाचा रंगसुद्धा गेला नव्हता. टोबताना बायांचे पाय पोकळ मातीत खचले, बोटं खोल गेली, आणि बी कुठं दोन बोटं तर कुठं चार बोटं खाली पडलं. काही बियांभोवती नुसती हवा होती. ओल खाली होती, पण बियापर्यंत चढलीच नाही. दिव्याची वात तेलाला टेकलेली नसेल तर समईत तेल असून काय उपयोग? मातीचे कण एकमेकांना चिकटून असले तरच खालची ओल वर चढते आणि बियाला मिळते. मी माती इतकी उधळली होती की ती साखळीच तुटली.

त्या साली सरकीचं पाकीट ८५३ रुपयांना होतं. खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला चार पाकिटं जास्त लागली आणि मजुरी वेगळी. पण खरं नुकसान पैशात मोजता येत नाही. खाड्यात मागून लावलेलं झाड पहिल्या झाडाच्या सावलीत वाढतं, ते कधीच बरोबरीला येत नाही. सबंध हंगाम ते डोळ्यांसमोर दिसत राहतं.

जानेवारी २०२४. वेचणी संपली. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही आणखी बोंडांसाठी उभी ठेवलेली कपाशी, ठेवायची नाही असं आम्ही २०१७ च्या बोंडअळीनंतर ठरवलेलं आहे. त्या साली गुलाबी अळीने आमच्याकडची बोंडंच्या बोंडं पोखरली होती. ही अळी वाळक्या बोंडांत आणि सरकीत झोपून राहते, म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वावरात उभी ठेवायची नाही आणि धुऱ्यावर गंजी लावून पावसाळ्यापर्यंत साठवायचीही नाही. पुढच्या सालच्या जमिनीची तयारी खरं तर इथून सुरू होते.

पऱ्हाटी उपटायच्या चिमट्याने एकेक झाड उपटत होते. मुळं पाहिली आणि हात थांबला. कपाशीचं सोटमूळ सरळ खाली जायला हवं. आमची मुळं वीतभर खाली जाऊन काटकोनात वळली होती. एक नाही, दोन नाही, ओळीच्या ओळी. चार-पाच झाडं घेऊन घरी आले आणि मामाजींच्या बाजेपुढे टाकली. त्यांनी एक मूळ हातात घेतलं, वळणावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "खाली तवा झाला."

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन खड्डा केला. सहा-सात इंचांपर्यंत कुदळ सहज गेली, मग ठण्ण झालं. त्या खोलीवर मातीचा गुळगुळीत, घट्ट थर होता. रोटाव्हेटरची पाती दरवर्षी त्याच खोलीवर घासत होती आणि ओल असतानाच फिरलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी वरून दाबलं होतं. म्हणजे वर पीठ आणि खाली फरशी. बियाला हवं त्याच्या नेमकं उलट आम्ही पैसे देऊन करून घेत होतो.

त्या संध्याकाळी मामाजी बराच वेळ बोलले. एरवी त्यांना बोलायला लावावं लागतं. त्यांचं एक वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलं आहे: "वर गोधडी पायजे, खाली बाज. गोधडी दोन बोटं जाड असली तं पुरे. पण बाज कसलेली पायजे. ढिल्या बाजेवर बी झोपत नाही." कसलेली म्हणजे दगड नव्हे, हेही त्यांनी समजावून सांगितलं. बाजेच्या सुतळीतून हवा जाते, पाणी जातं. ती अंग तोलते, पण अडवत नाही.

मार्चमध्ये भारी चार एकरांत माती उलटवणारा पल्टी नांगर घातला, फूटभर खोल. तवा फोडायला एवढं लागणारच होतं. दरवर्षी एवढा खोल नांगर घालू नये असं माझं मत आता झालं आहे. तीन सालांतून एकदा पुरे, आणि जिथे कुंद्यासारखं खोल मुळांचं तण नाही, तवा नाही, तिथे तेही नको. पण त्या साली गरज होती. माठाएवढी ढेकळं निघाली. वावरातून चालणं मुश्कील झालं. मी धसकटं आणि कुंद्याची मुळं वेचून काढली आणि विचारलं, आता ही फोडायची कशी? मामाजी म्हणाले, "पाण्यानं फुटू दे, लोखंडानं नको."

एप्रिल आणि मे, दोन महिने ती ढेकळं उन्हात तशीच पडून होती. माझा जीव वर-खाली होत होता. शेजारची वावरं सपाट, गुळगुळीत, आणि माझं वावर गोटाळीसारखं. मग मेच्या शेवटी संध्याकाळी वीज-वारा सुटला, अवकाळी पाऊस आला, फार नाही, वाटीभर. सकाळी वावरात गेले. एक ढेकूळ उचललं आणि ते हातातच उमललं. चुनकळीवर पाणी टाकलं की ती जशी आपोआप सुटी होते तसं. आतून राईच्या दाण्याएवढे, हरभऱ्याएवढे कण. पीठ नाही, कण. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. दोन महिने तापून कोरडं झालेलं ढेकूळ थोडं पाणी पिताच आतून ताणलं जातं आणि आपल्याच जोडावर सुटतं. लोखंडाने फोडलं तर ते जोड न पाहता चिरडलं जातं. या मातीची ही करामत मी जन्मापासून पाहत आले, तिचा उपयोग कधी केला नव्हता.

त्यानंतर शेणखत. एकरी सात-आठ बंड्या, चांगलं कुजलेलं. कच्चं टाकलं की वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी पाठी लागते. ते पसरून लगेच वखर घातला.

वखरावर थोडं जास्त लिहिते, कारण मला वाटतं आपण त्याला फार लवकर अडगळीत टाकलं. गावात आता बैलजोड्या मोजक्या उरल्या आहेत, भाड्याने मिळवायला मला आठ दिवस मागे लागावं लागलं. वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, जमिनीत दोन-अडीच इंचांवर आडवी चालते. ती माती उलटवत नाही, नुसती सोलते. वरचा थर सुटा होतो, तणाची मुळं कापली जातात, आणि खालची माती जशी बसली आहे तशीच राहते. गोधडी वर, बाज खाली, दोन्ही एकाच फेऱ्यात. पासेला धार असली पाहिजे. बोथट पास माती कापत नाही, ढकलते. बैलवाल्याने जास्त खोल जावं म्हणून वखरावर दगड ठेवला होता, तो मामाजींनी काढायला लावला. पहिली वखरणी उभी, आठ दिवसांनी दुसरी आडवी. बैल मिळत नाहीत त्यांनी ट्रॅक्टरला व्ही पास लावून हेच काम करावं. ते मी बरडावर केलं, चांगलं झालं. फक्त खोली आपण उभं राहून बघायची. चालकावर सोडली तर तो खोल घालतो, त्याला वाटतं शेतकऱ्याला खोल आवडतं.

नाल्याकडच्या दीड एकरात पाणी साचतं. तिथे मेच्या अखेरीसच उताराला आडवे वरंबे पाडून ठेवले. हे काम पेरणीच्या तोंडावर करायचं नाही. ताज्या वरंब्याच्या पोटात पोकळी असते, त्यावर बी लावलं की पहिल्या जोरदार पावसात माती बसते आणि बी कुठल्या कुठे जातं. दोन-तीन पाऊस वरंब्याने खाल्ले की तो आपोआप भरतो, बसतो. पावसाएवढा सारखा दाब कुठलंही औजार देत नाही.

मग वाट पाहणं. सगळ्यात कठीण भाग हाच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. मी अंगणात पर्जन्यमापक लावला होता, त्यात १८ मिलिमीटर. गावात लगेच सरकी बाहेर निघाली. काहींनी तर धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, आधीच केली होती. कोरडवाहू कपाशी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर लावावी असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि आपण दरवर्षी पहिल्या सरीला धावतो. मला आता त्या आकड्यामागचं कारण कळलं आहे. तेवढं पाणी मुरलं की वरची ओल आणि खालची ओल एकमेकींना भेटतात, आणि नांगराने उचललेली माती खाली बसते. नुसत्या १८ मिलिमीटरने वरची गोधडी ओली होते आणि बाज कोरडीच राहते.

रोज सकाळी मामाजी आणि मी वावरात जायचो, तेही अनवाणी. त्यांनी मला टाच टाकायला शिकवलं. सरळ उभं राहायचं, एका पायावर भार द्यायचा आणि पाय उचलून ठसा पाहायचा. घोट्यापर्यंत गेला तर पोकळ. ठसाच उमटला नाही तर कडक. टाच बोटाच्या जाडीएवढी रुतली आणि ठशाच्या कडा ढासळल्या नाहीत, तर बरोबर. मग त्याच ठशात मुठीने माती काढायची, लाडू वळायचा आणि कंबरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. पडूनही तसाच राहिला तर अजून ओली. वळलाच नाही तर कोरडी. पहिले पाच-सहा दिवस नाल्याकडे माझी टाच अर्धी बुडायची. वीस तारखेच्या आसपास पर्जन्यमापकाची बेरीज ८६ झाली आणि ठसा स्वच्छ उमटला.

बियाणं घरात होतं, पाऊस झाला होता, शेजाऱ्यांची पऱ्हाटी दोन पानांवर आली होती. तरी मामाजी म्हणाले, एक वखर आणि एक पाटा. पावसानंतर उगवलेलं तण वखराने कापलं. मग बाभळीचा सहा फुटी पाटा बैलांना जुंपून फिरवला. पाटा म्हणजे जाड फळीच, तिने सुटे कण एकमेकांना टेकतात, वरची उंच-सखल जागा सारखी होते, आणि उन्हाने ओल उडायचं कमी होतं. यात एक चूक मी केलीच. सकाळी सातलाच सुरुवात केली. दवाने वरची माती ओलसर होती, ती फळीला चिकटायला लागली आणि मागे लिंपल्यासारखा पट्टा उमटला. तसाच फिरवला असता तर मागच्या सालची खपली मी स्वतःच्या हाताने तयार केली असती. बैल सोडले, ऊन चढू दिलं आणि अकरानंतर पुन्हा जुंपले. तेव्हा फळीमागे माती चाळल्यासारखी पडत होती. बरडावर मात्र पाटा दोनदा फिरवावा लागला. ती माती मुरमाड, हलकी, ओल धरत नाही. तिला जास्त दाबावं लागतं आणि दाबल्याने तिचं नुकसानही होत नाही. भारी जमिनीला एक हात पुरे.

टोबणीला आठ बाया होत्या. दोरी ताणली, चार फुटांवर ओळ, दीड फुटावर जागा. मी सगळ्यांना एकच सांगितलं: बोटाची दोन पेरं खोल, त्याहून जास्त नाही. आणि बी टाकल्यावर सुटी माती नुसती लोटायची नाही, चवड्याने हलकं दाबायचं, टाचेने नाही. त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईने मान हलवली. ती म्हणाली, तिची सासू असंच दाबायला लावायची, मधल्या काळात कोणी सांगत नव्हतं म्हणून सुटलं. यंदा बोटं खोल जात नव्हती. खाली टेकायला काहीतरी आहे असं हाताला कळत होतं. बी एका पातळीवर बसत होतं. काम मागच्या सालापेक्षा लवकर उरकलं, कारण पाय खचत नव्हते.

चौथ्या दिवशी पाऊस आला, तोही जोराचा. मी रात्रभर जागी होते. सकाळी छत्री घेऊन धावत गेले. माती बसली होती, पण खपली धरली नव्हती. कणांच्या मधून पाणी खाली गेलं होतं. सहाव्या दिवशी ओळींवर माती जागोजागी उचललेली दिसली, जणू खालून कोणी बोट लावतंय. आठव्या दिवशी मोजलं. शंभर जागांत ब्याण्णव. मी पुन्हा दुसऱ्या ओळीत मोजलं, एकोणनव्वद. घरी जाऊन सांगितलं तेव्हा मामाजींनी आकडा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "सगळी एकाच उंचीची हायेत का?" मी हो म्हटलं. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि बाजेवर आडवे झाले.

पुढे त्या हंगामात पाऊस, बोंडअळी, भाव हे सगळं जसं असतं तसंच होतं. त्याची कथा वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चिमटा घेऊन पऱ्हाटी उपटायला गेले. उपटायला यंदा जोर लागत होता. मुळं हातभर खाली गेली होती, बहुतेक सरळ. एक लांब मूळ न तोडता काढलं आणि धुऱ्यावर आणून मामाजींच्या काठीला लावून मोजलं. त्यांनी मुळावरची माती नखाने खरवडून बोटांत चुरली.

खालच्या कोपऱ्यात मात्र दहा-बारा ओळींची मुळं अजून वाकडी निघाली. वेचणीच्या वेळी कापूस भरायला ट्रॉली तिथेच उभी राहते, तेव्हा जमीन ओलसर असते. ट्रॉलीची जागा यंदा रस्त्याकडच्या बरडावर हलवली आहे, आणि त्या कोपऱ्यात मार्चमध्ये तेवढ्यापुरता नांगर घालायचा आहे.